मॉड्युलर घर घेताना : वाचकांचे प्रश्न

जांबोटी भागात जुनं कौलारू घर पाडून नवं बांधायचं आहे. एक कंपनी मॉड्युलर म्हणते, दुसरी प्रीफॅब. फरक काय? आणि आमच्या पावसात ते टिकेल का?

जाहिरातीत सगळंच मॉड्युलर असतं. खरं मॉड्युलर म्हणजे खोल्याच कारखान्यात तयार होतात, वायरिंग-फरशीसकट ट्रेलरवर येतात आणि जागेवर एकमेकींना जोडल्या जातात. प्रीफॅबमध्ये सांगाडा आणि भिंती-छताचे पॅनेल सुटे येतात, उभारणी तुमच्या अंगणात होते. तिसरा प्रकार मालवाहू कंटेनरचं घर करण्याचा. खानापूर तालुक्यातल्या अरुंद रस्त्यांना प्रीफॅब सोयीचं.

पावसात पॅनेल सहसा दगा देत नाही, दगा देतात सांधे. सपाट छप्पर दाखवलं तर सरळ नाही म्हणा. किमान 15 अंशांचा उतार आणि तीन फुटांची पागोळी मागा, आपली कौलारू घरं उगाच तशी नव्हती. छताचे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेले हवेत, पन्हळीत नकोत. पन्हळीतून पाणी वाहतं आणि स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक झाला की तिथूनच ठिबक सुरू होते. ड्रिलने फार आवळला तरी वॉशर फाटतो. दोन खोल्यांच्या सांध्यावर नुसतं सिलिकॉन भरून भागत नाही, वर पत्र्याची फ्लॅशिंग पट्टी लागतेच.

सगळ्यात जास्त चूक जोत्यावर होते. गवंडी सवयीने जोतं भिंतीपेक्षा दोन-तीन इंच बाहेर काढतो. त्या कट्ट्यावर पाणी साचतं, पॅनेलखालच्या चॅनेलमध्ये, म्हणजे पॅनेल बसतं त्या स्टीलच्या खाचेत, शिरतं आणि गंज आतून चढत येतो. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पॅनेल जोत्याच्या कडेबाहेर इंचभर खाली उतरलं पाहिजे. चॅनेलला पाणी निघायची भोकं असावीत. सांगाड्याच्या स्टीलवर चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्ताचा थर आहे, हे करारात लिहून घ्या. कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या जागी तो थर जळतो किंवा उडतो, तिथे झिंक प्रायमर लावलेला समोर उभं राहून पाहा.

अथणीकडे आमची काळी जमीन आहे. घर हलकं, म्हणून पाया नको, सिमेंटचे ठोकळे पुरतील असं विक्रेता सांगतो. खरं आहे का?

उलट आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जड दगडी घर त्या फुगण्याला थोडंफार दाबून धरतं. हलकं घर उचललं जातं, तेही चारही कोपऱ्यांत सारखं नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर दरवाजे अडकायला लागले, भिंतीच्या बोर्डांच्या सांध्यांत रेघा पडल्या, की कारण बहुतेक हेच.

मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर तिथपर्यंत खोदून पाया घ्या. माती खोल असेल तर खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल घालतात. खोली साधारण साडेतीन मीटर. वरची बीम थेट मातीवर टेकवू नये, खाली तीन-चार इंच पोकळी ठेवावी, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. खर्च वाढतो, पण इथे काटकसर नको.

कारखान्यातून काही यायच्या आधी जोत्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा आणि ट्यूब-लेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळी बघा. विटांच्या घरात अर्ध्या इंचाची चूक प्लॅस्टरमध्ये लपते. इथे अँकर बोल्टची भोकं जुळत नाहीत. मग भोकं मोठी केली जातात, आणि वादळात घराला धरून ठेवणारा बोल्टच ढिला राहतो.

निपाणीजवळ शेतात 20 फुटी कंटेनर ठेवावा म्हणतो.

आधी रस्ता चालून या. साडेआठ फूट उंचीचा कंटेनर ट्रेलरवर चढला की तेरा फुटांच्या घरात जातो, म्हणजे गल्लीतल्या लोंबत्या तारा मध्ये येणार. हेस्कॉमच्या लाइनमनला आधीच सांगावं लागेल. रिकामा कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास असतो, आतलं काम झाल्यावर वजन बरंच वाढतं. हायड्रा क्रेन दहा-बारा फूट लांबून तेवढं उचलेलच असं नाही, कारण बूम (क्रेनचा हात) लांबवला की क्षमता झपाट्याने घटते.

शिवाय आतली उंची. छताला इन्सुलेशन लावलं की सव्वासात-साडेसात फूट उरते. राहत्या खोलीला राष्ट्रीय इमारत संहिता 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट सांगते. राखणीला ठीक, कुटुंबाला नाही.

‘हे घर हलवता येतं, परवानगी लागत नाही’ असं बेळगावात एका दुकानात सांगितलं. आणि बँक कर्ज देईल का?

जोत्याला बोल्टने बांधलेलं, नळ-वीज-सेप्टिक टँक जोडलेलं घर म्हणजे बांधकामच. शेतजमीन असेल तर आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) कोणाची नावं आहेत ते पाहा. राहण्यासाठी सहसा कर्नाटक भूमी महसूल कायद्याच्या कलम 95 खालचं बिगरशेती रूपांतर लागतं. गावठाणात पंचायतीचे मालमत्ता नोंदीचे फॉर्म 9 आणि 11, शहराच्या हद्दीत मंजूर नकाशा.

कर्जाची अडचण वेगळीच आहे. बँक बांधकाम पुढे सरकेल तसे हप्ते सोडते, तर कारखान्याला जागेवर वीटही नसताना निम्मे पैसे हवे असतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी बँकेच्या इंजिनिअरला कारखान्यातल्या कामाची पाहणी मान्य आहे का, ते लेखी विचारा. दर चौरसफुटाचा सांगतात त्यात पाया, वाहतूक, क्रेन, सेप्टिक टँक आणि जीएसटी बहुधा नसतं. प्रत्येक बाब कोटेशनमध्ये वेगळी मागा. शेवटचे 10 टक्के एक पावसाळा उलटल्यावर देण्याची अट घाला. खळखळ करतील, पण घालाच.

अशा भिंतीला देव्हारा, गीझर लावता येतो का?

नुसत्या बोर्डात खिळा धरत नाही. 15 लिटरचा गीझर पाण्यासकट पंचवीस किलोंच्या घरात जातो. बोर्ड बसवण्याआधी त्या जागी आत प्लायवूड किंवा स्टीलची आडवी पट्टी घालावी लागते. गीझर, वरची कपाटं, टीव्ही, देव्हारा कुठे येणार ते नकाशावर आधीच खूण करून द्या. आणि बोर्ड लागण्यापूर्वी आतल्या पट्ट्यांचे मोबाइलवर फोटो काढा. नंतर ड्रिल कुठे मारायचा ते त्यावरूनच कळेल.