आवाज भरपूर, शब्द एकही नाही

कानाशी लागून : वाचकांचे प्रश्न, जुन्या साउंडवाल्याची उत्तरं

प्रश्न : काका, गेल्या महिन्यात आम्ही पाच मैत्रिणी खास गाडी करून मुंबईला गेलो. एका मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये गाण्याचा कार्यक्रम होता. तिकीट चार आकडी, जागा वरच्या गॅलरीत. ढोल छातीत वाजत होता, पण गाण्याचा शब्द म्हणून धड कळला नाही. तोंडपाठ असलेली गाणी ओळखायलासुद्धा अर्धं कडवं जायचं. आपल्या नाशिकच्या गोदाघाटावर व्याख्यानाला साधे दोन बॉक्स लावतात, तरी शेवटच्या माणसापर्यंत शब्द न् शब्द पोचतो. मग त्या महागड्या यंत्रणेला काय धाड भरली होती? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, यंत्रणेला बोल लावू नका. तुमच्या डोक्यावर छप्पर होतं, दुखणं ते आहे. वसंत व्याख्यानमालेत यशवंतराव महाराज पटांगणावर वक्ता बोलतो, तो आवाज एकदा तुमच्या कानावरून गेला की गेला. नदी ओलांडून पंचवटीकडे जाईल, परत यायचं नाव नाही. बंदिस्त स्टेडियममध्ये त्याला जायला वाटच नसते. सिमेंटच्या पायऱ्या, पत्र्याचं छत, खाली खेळाचं टणक मैदान, सगळीकडे आपटून तो पुन्हा तुमच्याकडेच येतो. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. आणि मोठ्या रिकाम्या स्टेडियममध्ये एक टाळी वाजवलीत तर ती तीन-चार सेकंद रेंगाळते. म्हणजे पंधराएक अक्षरं एकमेकांच्या उरावर बसलेली. त्यातून नवं अक्षर कानाने निवडायचं कसं? शाळेच्या सहलीत विजापूरच्या गोलघुमटात आपलंच नाव पुन्हा पुन्हा ऐकायला मजा वाटते. तिथे तासभराचं भाषण ठेवून बघा.

माझी यात चांगली फजिती झालेली आहे. १९९१च्या सुमाराची गोष्ट. मैदानावरचं कविसंमेलन ऐन वेळी पावसामुळे एका खेळाच्या हॉलमध्ये हलवलं. मी कर्णे आणि बॉक्स स्टेजच्या दोन बाजूंना रचले. पहिल्या कवीलाच मागून चिठ्ठी आली, ‘ऐकू येत नाही.’ मी आवाज वाढवला. दुसरी चिठ्ठी आली. पुन्हा वाढवला. माइक शिट्टी मारायला लागला, कवी माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. शेवटी मागच्या रांगेतल्या नऊवारीतल्या एक आजी भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरल्या, माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आवाज भरपूर येतोय रे, शब्द एकही नाही. जरा कमी कर.” कमी केला, तर थोडं थोडं कळायला लागलं! मी बटण वर ढकलत होतो तेव्हा कवीबरोबर त्याचा घुमाराही तेवढाच वाढत होता, हे माझ्या टाळक्यात तोवर आलं नव्हतं. मध्यंतरात मंडपवाल्याच्या पोरांना पिटाळून गाद्या आणि कनाती मागवल्या. कनाती मागच्या भिंतीला लावल्या, गाद्या कठड्यावर टाकल्या. उरलेले कवी ऐकू आले. पहिल्या तिघांची मी आजही मनातल्या मनात माफी मागतो.

पुढे कळलं की, हेच काम एका प्राध्यापकाने शंभर वर्षांपूर्वी शिस्तीत करून ठेवलं होतं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण मास्तरांवर ते दुरुस्त करायची कामगिरी आली. हा गडी रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, थोड्या थोड्या मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज मरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचा. त्यातून सूत्र निघालं : हॉलचं आकारमान जेवढं मोठं तेवढं रेंगाळणं जास्त, आतलं मऊपण जेवढं जास्त तेवढं कमी. गाद्या माझ्याकडेही होत्या, मी त्या मोजल्या नाहीत एवढंच. सेबाइनने मोजमापाला उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. त्या हिशेबाने एकेक प्रेक्षक साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. म्हणून भरलेला हॉल रिकाम्यापेक्षा नेहमी बरा वाजतो, आणि म्हणून दुपारच्या साउंडचेकवर, म्हणजे रिकाम्या हॉलमधल्या चाचणीवर, भरवसा ठेवायचा नसतो.

हे दुखणं आपलंच आहे असं समजू नका. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१चा. तिथे संगीतकाराला आपली रचना एकाच तिकिटात दोनदा ऐकायला मिळते, असा विनोद चालायचा. शेवटी १९६९ मध्ये त्याच्या घुमटाखाली फायबरग्लासच्या मोठाल्या तबकड्या टांगल्या. तिथले लोक त्यांना अळंबी म्हणतात. त्याच छताखाली टेनिस झालं, मुष्टियुद्ध झालं, १९९१ मध्ये तर सुमो पैलवान भिडले. पैलवानांना प्रतिध्वनीचं काय सुखदुःख!

आता नवी एरिना, म्हणजे खेळ आणि कार्यक्रम दोन्हींसाठीची मोठी बंदिस्त स्टेडियमं, बांधतात तेव्हा छताला आतून मऊ थर देतात, भिंतींवर जाड पडदे सोडतात आणि बॉक्स केळीच्या घडासारखे वाकवून टांगतात, म्हणजे आवाज छतावर न जाता माणसांवर पडतो. पण ढोल छातीत वाजला म्हणालात ना, त्याला पडदा पुरत नाही. खर्जातल्या जाड आवाजाची एकेक लाट सहा-सात मीटर लांब असते, पडद्यातून ती बिनदिक्कत पार होते. त्यात तुम्ही स्टेजपासून ऐंशी मीटरवर असाल तर स्टेजवरचा आवाज तुमच्यापर्यंत पाव सेकंद उशिरा येतो. तुमच्या डोक्याजवळ मदतीचे बॉक्स टांगले असतील, तर त्यांना मुद्दाम तेवढंच मागे थांबवावं लागतं. कुणी आळस केला की एकच ओळ दोनदा ऐकू येते.

पुढच्या वेळी नकाशा बघून तिकीट काढा. मिक्सरचं टेबल, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा साउंडवाला, जिथे असेल त्याच्या मागची, स्टेजच्या अगदी समोरची जागा घ्या. तो माणूस स्वतःच्या कानाला जे बरं लागतं तेच पाठवत असतो. स्टेजच्या कुशीतली जागा स्वस्त असते ती उगाच नाही. अगदी शेवटची रांगही नको, मागच्या भिंतीशी खर्ज साचतो.

प्रश्न : माझी लेक बॅडमिंटन खेळते. दुसऱ्या शहरातल्या इनडोअर स्टेडियममध्ये स्पर्धा होती, तिथे ऐन मे महिन्यात, सामने चालू असताना एसी बंद ठेवला. प्रेक्षक घामाने निथळत होते. हा पैसे वाचवायचा प्रकार म्हणायचा का? – एक पालक, इंदिरानगर

उत्तर : हवेचा प्रश्न साउंडवाल्याला! पण स्टेडियममध्ये दिवस काढलेत, म्हणून सांगतो. शटल पाच ग्रॅमच्या आसपास, नियमाने ४.७४ ते ५.५० ग्रॅम. हवेची झुळूक लागली की लेकीने रेषेवर टाकलेलं शटल वीतभर बाहेर. खेळाडू याला ड्रिफ्ट म्हणतात, तिला विचारा, एका बाजूने खेळताना किती जपून मारावं लागतं ते. त्यामुळे बंद ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला असावा.

आणि चालू ठेवायचा म्हटला तर हिशेब असा. बसलेला माणूस साधारण शंभर वॉटचा दिवा असतो. दहा हजार प्रेक्षक म्हणजे दहा लाख वॉट, एक किलोवॉटच्या हजार शेगड्या पेटवून ठेवल्यासारखं. नुसत्या माणसांची उष्णता बाहेर काढायला घरातले दीड टनी एसी जवळजवळ दोनशे लागतील, दिवे आणि बाहेरचं ऊन वेगळंच. एवढी गार हवा आत सोडायची आणि कोर्टवर पानही हलू द्यायचं नाही, ही खरी कसरत. चांगल्या स्टेडियममध्ये ती हवा हळूहळू, प्रेक्षकांच्या पायाखालून सोडतात.

जाता जाता : मोठ्या स्पर्धांना कोर्टवर बारा मीटर मोकळी उंची लागते, उंच मारलेलं शटल तुळईला अडू नये म्हणून. वरच्या ताईंच्या गाण्याचे शब्द नेमके त्याच बारा मीटरमध्ये हरवले.

प्रश्न : नाशिकला वीस हजार खुर्च्यांचं एरिना कधी होणार? – एक क्रीडाप्रेमी, सिडको

उत्तर : कधी, ते मला विचारून उपयोग नाही. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन साधारण तेवढंच, १९६८ पासून रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर उभं आहे. कार्यक्रम संपला की लोक खाली उतरून गाडीत बसतात. आपण वीस हजार माणसं रात्री साडेदहाला द्वारका चौकात सोडली तर शेवटचा माणूस सकाळच्या मिसळीलाच घरी पोचायचा. नाटकाला कालिदास कलामंदिर, खेळाला हिरावाडीचं मीनाताई ठाकरे स्टेडियम आहे. त्यांच्या मधलं, पाच हजारांचं, पण कान शाबूत ठेवून बांधलेलं काही झालं तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन.

प्रश्न : आमच्या कॉलनीचा बॅडमिंटन हॉल आहे, वर पत्रा. पावसाळ्यात भावगीतांचा कार्यक्रम तिथेच घ्यायचा आहे. बजेट बेताचं. बॉक्स वरच्या कैचीला टांगावेत असं मुलं म्हणताहेत. – कार्यक्रम समितीतला एक सदस्य, पाथर्डी फाटा

उत्तर : कैचीला काही टांगू नका. ती पत्रा आणि वारा पेलायला केलेली असते. मोठ्या एरिनाच्या छतात टनावारी वजन टांगायची सोय बांधतानाच हिशेबात धरलेली असते, तुमच्याकडे तो कागद नाही. स्टँडवर लहान बॉक्स घ्या, दोनाऐवजी चार. दोन पुढे, दोन हॉलच्या मध्यावर, तोंड माणसांकडे, थोडं खाली झुकवून, आवाज बेताचा. स्टेज लांबीच्या टोकाला न घालता एका बाजूच्या भिंतीच्या मध्यावर घाला, म्हणजे सगळे जवळ बसतील. समोरच्या भिंतीला घरोघरच्या जुन्या गोधड्या आणि सतरंज्या टांगा, भिंतीपासून वीतभर सोडून. खुर्च्या नकोत, खाली गाद्या घाला आणि लोक दाटीने बसवा. तबल्याला वेगळा माइक देऊ नका, त्या हॉलमध्ये तो तसाच पुरून उरेल. पाऊस पत्र्यावर पडायला लागला तर कुठलीच यंत्रणा कामाची नाही, मध्यंतर जाहीर करा आणि चहा फिरवा. मिक्सरवर बसणाऱ्या मुलाचा चहा मात्र मागच्या रांगेत ठेवा, म्हणजे निदान तेवढ्यासाठी तो तिथपर्यंत जाऊन ऐकेल.