लिस्बन बघायला सुरुवात कुठून करावी?

इमारतींच्या शैलींची नावं पाठ करायची घाई करू नका. नवखे बहुतेक तिथेच अडकतात. आधी एकच तारीख लक्षात ठेवा: १ नोव्हेंबर १७५५. त्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. लिस्बनची प्रत्येक इमारत बघताना विचारा, ही त्याच्या आधीची की नंतरची?

पहिल्या दिवशी एवढंच करा:
- आल्फामाच्या वेड्यावाकड्या गल्ल्यांतून चाला. हा भाग बऱ्यापैकी वाचला.
- मग खाली बायशा या सखल भागात उतरा. भूकंपानंतर शहर पुन्हा उभारणारा मंत्री पोंबाल, त्याच्या काळात नव्याने आखलेले हे सरळ रस्ते. भिंतींच्या आत भूकंपात इमारत टिकावी म्हणून लाकडी सांगाडा आहे, त्याला 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. बाहेरून तो दिसत नाही, पण माझ्या मते शहरातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.
- कार्मोचं छप्पर नसलेलं चर्च. नुसत्या उघड्या कमानी. इथे थोडा वेळ बसाच.

दुसरी चूक म्हणजे थेट बेलें या भागाकडे धावणं. तिथला जेरोनिमोस मठ सोळाव्या शतकातला, भूकंपातून तगलेला. वास्को द गामाची कबर तिथेच आहे. पण मठाच्या दगडात कोरलेले दोरखंड दुसऱ्या दिवशी निवांत बघा. लिस्बनच्या भिंतींवरच्या निळ्या फरशांचा विषय सध्या बाजूला ठेवा.