झोपेतून काढलेला धावण्याचा तास

स्पर्धेसाठी धावणारी माणसं माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा शब्द वेगवेगळे असले तरी प्रश्न बहुधा एकच असतो. नोकरी आहे, घर आहे, मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. त्यात आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर धावायचं म्हणजे स्वार्थीपणा नाही का? सोडून देऊ का? अशाच एका बाईची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आसपास. घर फोंड्याला, नोकरी पणजीला सरकारी कार्यालयात. घरी नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. आदल्या हंगामात एका अर्धमॅरेथॉनमध्ये ती आपल्या वयोगटात दुसरी आली होती. पहिली आलेली बाई तिच्यापुढे जेमतेम दीड मिनिट होती, आणि त्या दीड मिनिटाने तिला झपाटलं होतं. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. “तब्येतीपुरतं धाव ना, नंबर कशाला हवा?” हे बायकांना फार सहज ऐकवलं जातं. पुरुषाने नंबर काढायचं ठरवलं की ती जिद्द असते. बाईच्या जिद्दीलाही तोच मान मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तिची तक्रार मात्र वेगळी होती. चिडचिड वाढली होती, कार्यालयात दुपारी डोळे मिटत होते, आणि इतका सराव करूनही वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडत चालली होती. प्रशिक्षकाचं म्हणणं, मेहनत कमी पडते.

मी तिला म्हटलं, “एका साध्या मंगळवारी काय काय करतेस ते उठल्यापासून सांग.”

ती साडेतीनला उठायची. कुकर लावायचा नाही, शिट्टीने सगळे जागे होतात. म्हणून सासूबाईंची पेज उघड्या टोपात शिजवायची. मिक्सरचाही आवाज नको, म्हणून वाटण आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये. मुलाच्या डब्याची भाजी परतून झाली की नुसता कोरा चहा पोटात ढकलायचा. पावणेपाचला दार हळूच ओढून घ्यायचं आणि बूट बाहेर पायरीवर बसून घालायचे. मग फर्मागुडीचा चढ. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू गल्लीत वाजायच्या आत घरी परत, आंघोळ, मुलाची शाळा, कदंबाची बस. रात्री सगळं आवरून पाठ टेकेपर्यंत अकरा.

“मी कधी जाऊन आले ते घरच्यांना कळतसुद्धा नाही,” ती म्हणाली. आवाजात अभिमान होता.

“कळता कामा नये असं कुणी सांगितलं?”

तिला पटकन उत्तर देता आलं नाही. आठवून आठवून तिला सासूबाईंचं एक वाक्य सापडलं. काही वर्षांपूर्वी, ती नुकती धावायला लागली तेव्हा, त्या म्हणाल्या होत्या, “सकाळची कामं टाकून चाललीस?” त्यानंतर घरात या विषयावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिनेही नाही. त्या एका वाक्याला धरून तिने आपला सगळा दिनक्रम आखला होता.

अशी माणसं मला वारंवार भेटतात. घरातला एक तास मागायचा संकोच वाटतो, म्हणून तो झोपेतून काढतात. झोपेवर दुसऱ्या कुणाचा हक्क नसतो, त्यामुळे ती चोरली तरी कुणी भांडायला येत नाही. पण सराव अंगी लागतो तो विश्रांतीतच. धावताना स्नायूंची झीज होते, त्यांची डागडुजी पुढे गाढ झोपेत होते, वाढीचं संप्रेरक तेव्हाच सर्वाधिक स्रवतं. साडेचार तासांच्या झोपेवर केलेला जादा सराव पुष्कळसा वायाच जातो. “मेहनत कमी पडते” हे निदान मला म्हणूनच पटलं नाही.

मी तिला पाळीविषयी विचारलं. तीन महिने आली नव्हती. तिने ते वयावर ढकललं होतं. मी डॉक्टर नाही, म्हणून तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि रक्ताच्या तपासण्या करायला सांगितल्या. लोहाचा साठा बराच खाली निघाला. ऊर्जेच्या खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती यांच्या वाट्याची ऊर्जा कापायला लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या अवस्थेची सविस्तर मांडणी केली. रिकाम्या पोटी चहा घेऊन दीड तास धावायचं आणि नंतर घाईत अर्धी पोळी खायची, हे महिनोन्महिने चाललं तर दुसरं काय होणार? धावणाऱ्या कुठल्याही बाईची पाळी चुकायला लागली तर वाट बघत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं, हे मला इथे ठासून सांगायचं आहे.

पुढच्या भेटीत तिने मला युकी कावाउचीचं उदाहरण दिलं. जपानमधला हा तेव्हाचा सरकारी कर्मचारी 2018 ची बॉस्टन मॅरेथॉन मुसळधार पावसात जिंकला. “तो नोकरी करून जिंकतो, मग मला का जमू नये?” उदाहरण चांगलं आहे, फक्त पूर्ण बघायला हवं. त्याची शाळेच्या कार्यालयातली नोकरी दुपारनंतरची होती, म्हणून सकाळ मोकळी मिळायची. तिथल्या कंपन्यांनी पगारावर ठेवलेल्या संघांतले धावपटू दिवसातून दोनदा सराव करायचे, तो बहुतेक दिवशी एकदाच. आपल्या आठवड्यात जे बसतं तेवढंच त्याने घेतलं. तिने मात्र दुसऱ्याच कुणाचा आठवडा आपल्या घरात कोंबला होता.

मग मी तिच्या नवऱ्याला बोलावलं. त्याचं म्हणणं ऐकून ती चकित झाली. “ती धावते त्याबद्दल माझं काही नाही. पण घरी असते तेव्हाही नसते. रविवारी जेवायला बसली की पेंगते, काही विचारलं तर खेकसते. मला वाटायचं, हे तिचं स्वतःचं जग आहे, त्यात आम्ही नको आहोत.” त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. घरच्यांना सहसा धावण्याचा तास सलत नाही, उरलेल्या दिवसातला थकवा सलतो.

तडजोड एका बैठकीत झाली नाही. शेवटी ठरलं ते असं. मंगळवारी आणि गुरुवारी कार्यालय सुटल्यावर तिने कांपालहून मिरामार, दोनापावल करत धावायचं आणि आठच्या सुमाराला घरी पोचायचं. त्या दोन रात्रींचं जेवण नवऱ्याकडे. शनिवारी सकाळी उजाडल्यावर हलकी धाव, रविवारी लांब. सहा दिवसांचे चार झाले. रोज निदान सात तास झोप, आणि धावण्याआधी केळं किंवा पाव, काहीतरी पोटात. प्रशिक्षकाशी ती स्वतः बोलली. तो आधी नाराज झाला, रक्ताचे अहवाल बघितल्यावर ऐकलं.

सुरुवातीला नवरा हॉटेलातून जेवण आणायचा आणि सासूबाई न जेवता बसायच्या. तिला वाटलं, झालं, सगळं फिसकटलं. मी तिला एवढंच सांगितलं की मंगळवारी लवकर घरी येऊन ती पोकळी भरू नकोस. काही आठवड्यांनी त्याने माशाचं हुमण करायला घेतलं आणि ते सासूबाईंनी शेजारी उभं राहून शिकवलं. डब्याची भाजी परतायला मुलगाही शिकला. आठवीतल्या मुलाला ते यायलाच हवं.

सणांचं गणित आम्ही आधीच मांडलं. गणेश चवथीला मूळ घरी जायचं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, नेवऱ्या म्हणजे करंज्या करायच्या. त्या आठवड्यात वेळापत्रक पाळायचा अट्टहास म्हणजे भांडणाला आमंत्रण. तेव्हा दोन छोट्या पण जोरकस धावा पुरतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगांत दिसलं की तीव्रता राखली तर सरावाचे दिवस किंवा वेळ बरीच कमी करूनही प्राणवायू वापरायची क्षमता काही आठवडे टिकून राहते. लांब अंतराचा दमसास वेगळा जपावा लागतो, पण एका चवथीने तो जात नाही. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री कुणी झोपत नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी लांब धाव ठेवायचीच नाही. आणि ऑक्टोबरच्या दमट हवेतली वेळ डिसेंबरातल्या वेळेशी ताडून बघायची नाही, घामाने निथळलेलं शरीर त्याच वेगासाठी जास्त राबत असतं.

त्या डिसेंबरात ती तिसरी आली. वाईट वाटलं तिला, लपवलं नाही. पण वेळ आदल्या वर्षापेक्षा थोडी सुधारली होती, पाळी परत सुरू झाली होती, आणि नवरा व मुलगा पहिल्यांदाच शर्यत बघायला आले होते. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन करायची तिची इच्छा आहे. 42.195 किलोमीटरच्या तयारीला रविवारचे आणखी तास लागतील, तेव्हा ते मागण्यासाठी घरी पुन्हा बसावं लागेल. मुलाची दहावी झाल्यावर हा विषय काढायचा असं तिने ठरवलं आहे.

ज्यांची मुलं अगदी लहान आहेत त्यांचा प्रश्न उरतो. रात्रीची झोपच तुटकी असेल तर त्या वर्षी नंबरासाठी न धावता नुसतं धावत राहा असं मी सांगते, आणि हे आईइतकंच बापालाही सांगते. आठवड्याला तीन धावा, त्यातली एक जोरात. ज्या दिवशी बाळ रात्रभर रडलं असेल त्या दिवशी धाव रद्द, तीही अपराधी न वाटता. जोडीदारही धावणारा असेल तर दोघांनी एकाच हंगामात मोठी शर्यत धरू नये. कुणाचा हंगाम आधी, हे मात्र नोंदणी करण्यापूर्वीच बोलून घ्या, कारण पैसे भरल्यानंतर विचारलं तर ते विचारणं राहत नाही.