पॉप, बीट्स आणि ब्योर्क

प्रश्न : मला पॉप आवडतं, पण मुलगा सारखं इलेक्ट्रॉनिक लावतो आणि मला तो नुसता ठोका वाटतो. दोन्हीचं मिश्रण करणारं कुणी सुचवाल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, ब्योर्क ऐका. आइसलँडची गायिका, आधी शुगरक्यूब्स नावाच्या रॉक बँडमध्ये होती, मग 1993 मध्ये तिचा 'डेब्यू' हा अल्बम आला आणि त्यात क्लबमधले हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) बीट्स, जॅझ, पॉप सगळं एकत्र. गंमत म्हणजे त्यातल्या 'व्हीनस ॲज अ बॉय'मध्ये जी व्हायोलिन्स ऐकू येतात ती तबलावादक तल्विन सिंगने आपल्या मुंबईत रेकॉर्ड करून घेतली होती, त्यामुळे ते सूर तुम्हाला थोडे ओळखीचे वाटतील.

तिथून थेट 1997 च्या 'होमोजेनिक'वर या. मला विचाराल तर तिचं बेस्ट काम हेच. एका बाजूला आइसलँडच्या वादकांची तंतुवाद्यं, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक संगीतकार मार्क बेलसोबत केलेले फाटल्यासारखे, खरखरीत बीट्स, आणि मधून तिचा आवाज असा काही वर जातो ना की ठोका खटकायचं बंदच होतं! 'योगा' (Jóga) हे गाणं हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर त्याची वाट लागते.

2004 चा 'मेडुला' मात्र लगेच नको, तो जवळजवळ सगळा माणसांच्या आवाजांतूनच बनवलाय, बीटबॉक्सिंग (तोंडानेच ठोका काढणं) वगैरे, जरा जड जातो. मुलाला विचारा, त्याच्याकडे असेलच.