जुन्या रेकॉर्डच्या कव्हरांवरून प्रेरणा घ्यायची, तर नेमकं काय घ्यायचं?

तुमच्या गावातल्या संगीत महोत्सवाच्या पोस्टरला जुन्या एलपीच्या कव्हरचा बाज द्यायचाय, पण काहीही केलं तरी ते नकली दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही इथेच अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिवळा पडलेला कागद, ओरखडे, आतल्या तबकडीने घासून उमटलेलं वर्तुळ, हे आधी काढून टाका. ती कव्हरं छापखान्यातून आली तेव्हा कोरी करकरीत होती. डाग नंतर पडले. डिझायनरने काय केलं ते बघायचं असेल तर एकच कंपनी घ्या आणि तिची पन्नासेक कव्हरं शेजारी शेजारी लावून बघा. माझा आग्रह ब्लू नोटचा.

१९३९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही जॅझची छोटी कंपनी. आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे बर्लिनचे दोन जुने मित्र ती चालवायचे. लायन रेकॉर्डिंग बघायचा आणि वुल्फ तिथेच वादकांचे फोटो काढायचा. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६७ पर्यंत त्यांची बहुतेक कव्हरं रीड माइल्सने केली. त्याला स्वतःला जॅझपेक्षा पाश्चात्त्य अभिजात संगीत आवडायचं. रेकॉर्डचा भाव काय आहे हे लायन त्याला समजावून सांगायचा आणि त्यावरून तो कव्हर रचायचा.

कंपनीकडे पैसे कमी, त्यामुळे बऱ्याच कव्हरांना काळा आणि जोडीला एखादा रंग एवढंच मिळायचं. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. दुरंगी छपाईत रंग सजावटीला उरत नाही, त्याला काम करावं लागतं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘ब्लू ट्रेन’ बघा. अख्खा फोटो निळ्यात बुडालाय आणि विचारात हरवलेला तो माणूस वाजवायच्या आधीच ऐकू येतो. तिथे चौरंगी फोटो असता तर आपण त्याचा शर्ट बघत बसलो असतो.

दुसरी गोष्ट कापण्याची. वुल्फच्या सुंदर फोटोंना माइल्स बेधडक कात्री लावायचा, कपाळं कापायचा, आणि वुल्फला ते रुचायचं नाही. पण बारा इंची चौकोनात फोटो आणि अक्षरं दोन्ही मोठी मावत नाहीत, कोणाला तरी मागे सरावंच लागतं. जॅकी मॅक्लीनच्या ‘इट्स टाइम!’वर फोटो अगदी चिमुकला आहे आणि उरलेलं कव्हर उद्गारचिन्हांच्या रांगांनी भरलंय. एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच!’वर तर वादकच नाही. दुकानाच्या दारावरची ‘परत येतो’ अशी पाटी आणि घड्याळाला भलतीकडेच रोखलेले कितीतरी काटे. रेकॉर्डिंग फेब्रुवारी १९६४ चं. जूनमध्ये डॉल्फी बर्लिनमध्ये वारला, रेकॉर्ड बाजारात आली ती त्यानंतर. ती पाटी मी आजही सहज बघू शकत नाही.

आता तुमचं पोस्टर मराठी आहे, आणि इथे माइल्सची युक्ती जशीच्या तशी चालत नाही. रोमन अक्षर खालून कापलं तरी बहुधा वाचता येतं, कारण त्याची ओळख वरच्या भागात असते. देवनागरीचं उलटं आहे. शिरोरेषा सगळ्यांना सारखीच, ओळख तिच्या खाली. शिरोरेषा उडवली तरी ‘महोत्सव’ वाचता येईल (गुजराती वाचतोच की आपण), पण खालचा अर्धा भाग गेला तर शब्दच गेला. म्हणून कापायचं असेल तर वरून कापा, फक्त मात्रा आणि वेलांट्या जपा. नाहीतर शिरोरेषाच लांबवून पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत न्या. ही सोय रोमन लिपीला नाही, आणि आपण ती फार कमी वापरतो.

फॉन्ट एकच ठेवा, वजनं (म्हणजे अक्षरांच्या जाड्या) दोन. रंग काळा आणि अजून एक. तो कोणता, हे मुख्य कलाकाराचं गाणं ऐकून ठरवा.

राहता राहिला फोटो. आपल्याकडे आयोजक हमखास शाल पांघरून, कॅमेऱ्याकडे बघत काढलेला फोटो पाठवतात. त्यातून हा बाज येणं अवघड आहे, कारण वुल्फचे फोटो काम चालू असतानाचे आहेत: घाम, सिगारेटचा धूर, मिटलेले डोळे. कलाकाराला रियाजाच्या वेळी अर्धा तास येऊन बसू का, असं विचारून बघा. खिडकीचा उजेड पुरेल, फ्लॅश नको. त्यातला एक फोटो हाती लागला की मग लेआऊटला बसा.