फिर्याद मागे घेऊ नकोस

प्रिय,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

ज्याने तुझ्यावर खोटा आळ घेतला तो आज मानाने मिरवतोय आणि देव गप्प आहे, असं तू लिहिलंस. ते लिहिल्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याने हाच प्रश्न थेट देवाला विचारला, तोही त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्याच वचनात: कुठवर ओरडू? देवाने त्याला झिडकारलं नाही. पण मिळालेलं उत्तर ऐकून तो आणखी हादरला, कारण शिक्षा करायला येणार होते ते खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, त्याच्या लोकांहूनही क्रूर. त्याने पुन्हा हरकत घेतली आणि मग बुरुजावर जाऊन वाट पाहत उभा राहिला. फिर्याद मागे घेतली नाही, जागाही सोडली नाही. भरवसा मी यालाच म्हणतो.

‘धीर धर, लवकरच होईल’ असं मात्र मी तुला सांगणार नाही. बाबेलच्या हाती यरुशलेम पडलं इ.स.पू. 586 मध्ये आणि खुद्द बाबेल पडलं 539 मध्ये. मध्ये 47 वर्षं गेली. ज्यांच्या डोळ्यांदेखत मंदिर जळालं त्यांतले बरेच जण तोवर हयात नव्हते. उपदेशक 8:11 तर उघडच म्हणतं की शिक्षा लांबली की माणसं दुष्टपणाला धजावतात. उशिराची झळ शास्त्र लपवत नाही. कारण एवढंच सांगतं की निदण, म्हणजे शेतातलं तण, आत्ताच उपटलं तर गहूही मुळासकट निघेल (मत्तय 13), म्हणून धनी कापणीपर्यंत थांबतो. न्याय रद्द झालेला नाही, त्याची वेळ धन्याच्या हाती आहे.

आता रोज काय करायचं ते सांगतो. स्तोत्र 13 घे, सहाच वचनं आहेत. पहिली दोन तक्रारीची, पुढची दोन मागणीची, शेवटची दोन भरवशाची. याच क्रमाने आपली प्रार्थना कागदावर लिही. तक्रारीत मोघम ‘अन्याय झाला’ नको. कोणी, कधी, काय केलं आणि त्यात तुझं काय गेलं, ते नीट लिही. मागणीतही स्पष्ट माग: सत्य उघड होऊ दे, माझं नाव निर्दोष ठरू दे. बहुतेकांचं चुकतं ते इथे. पहिले दोन भाग घाईत उरकून ते थेट ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’वर येतात. मग न बोललेली तक्रार आत कुजत राहते आणि महिन्याभरात प्रार्थनाच बंद पडते. भरवशाचे शब्द ओठांवर येत नसतील तर ओढूनताणून आणू नकोस. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे.

सूड देवावर सोपव (रोमकरांस 12:19), पण कायदेशीर दाद मागणं म्हणजे सूड नव्हे. पुढच्याच अध्यायात प्रेषित पौल सांगतो की अधिकारी दुष्टाला शिक्षा करण्यासाठीच देवाने नेमलेला आहे. फिलिप्पै शहरात पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी गुपचूप सोडू लागले तेव्हा तो अडून बसला: अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं. त्यांना यावं लागलं. तेव्हा कागदपत्रं जपून ठेव, साक्षीदारांशी बोल, रीतसर तक्रार कर. आळ घेणाऱ्याची बदनामी करणं, त्याच्या घरच्यांना त्रास देणं, खोट्याला खोट्याने उत्तर देणं, हे मात्र तुझं काम नाही.

आणि त्याच्यावर पाळत ठेवणं थांबव. त्याचे फोटो, त्याची बढती रोज पाहशील तर स्तोत्र 73 रचणाऱ्या आसाफासारखी तुझीही पावलं घसरतील. दुष्टांची भरभराट पाहून त्याला हेवा वाटू लागला होता, आणि शुद्ध राहणं फुकट गेलं असं तो म्हणाला. सतराव्या वचनात तो पवित्रस्थानात जातो, तेव्हा त्याला त्यांचा शेवट कळतो. भरभराट तोवर तशीच असते. तूही उपासना चुकवू नकोस, विशेषतः मन नको म्हणेल त्या आठवड्यात.

उद्या तो आजारी पडला, त्याचं काही बुडालं, तर ‘देवाने दाखवलं’ असं म्हणू नकोस. यरुशलेमातल्या शिलोह इथला बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हा ती इतरांहून जास्त पापी होती हा हिशेब येशूने साफ नाकारला. असा हिशेब मांडायची सवय लागली की पुढच्या वेळी आजारी पडशील तेव्हा तो तुझ्यावरच उलटेल.

स्तोत्र 13 प्रमाणे लिहिलेला कागद मला दाखवायची गरज नाही. तक्रार दाखल करण्याआधी मात्र तिचा मसुदा पाठव, तारखा आणि पुरावे आपण एकत्र तपासून घेऊ.

तुझा,
प्रार्थनेतला सोबती