मोठ्या संख्येच्या अभ्यासाची सुरुवात

मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडून तिचे विभाजक मोजायला शिकताना पहिल्याच प्रयत्नात वीस अंकी संख्येच्या मागे लागू नका. आपल्या सांगलीचा पिनकोड, 416416, सुरुवातीला पुरेसा आहे. (शेजारच्या मिरजेचा 416410 तितका देखणा नाही.) भागाकाराला हात घालण्यापूर्वी संख्या नीट निरखा: 416 हा गट दोनदा आला आहे, म्हणून ती 416 × 1001 इतकी आहे, आणि 1001 म्हणजे 7 × 11 × 13. बहुतेक नवशिके इथेच चुकतात, कारण 416 = 32 × 13 असल्याने 13 पुन्हा येतो, पण एकदा भाग गेला की त्याच संख्येने परत भागून पाहायचे राहून जाते. पूर्ण अवयव 2⁵ × 7 × 11 × 13² असे आहेत. आता प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणाकार करा: 6 × 2 × 2 × 3, म्हणजे 72 विभाजक.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे वर्गमूळ ओलांडल्यावरही भागत राहणे. साताऱ्याचा 415001 घेतलात, तर त्याचे वर्गमूळ सुमारे 644 असल्याने तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून पाहायचे आहे, आणि तेही शक्यतो कागदावर. विभाजकांची बेरीज वगैरे विषय तूर्त बाजूला ठेवा.